ब्राउझरचे बिऱ्हाड

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती हे गाव फार प्राचीन आहे. भद्रनागाचे मंदिर, विजासन टेकडीतील बौद्ध लेणी आणि पार्श्वनाथाचे जैन मंदिर पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येथे येतात. या गावाचे आणखी एक रूप आहे. गावाजवळ आयुध निर्माणी आहे; तालुक्यात माजरीसारख्या ठिकाणी कोळशाच्या खाणी आहेत. नोकरीच्या निमित्ताने परगावची माणसे येथे येतात, भाड्याने घर घेऊन काही वर्षे राहतात आणि बदली झाली की बिऱ्हाड हलवितात. त्यामुळे बिऱ्हाड हलविणे म्हणजे काय, हे येथील मुलांना चांगले ठाऊक असते.

दारावरची नावाची पाटी काढणे हे दोन मिनिटांचे काम आहे. परंतु पाटी निघाली म्हणून घर रिकामे होत नाही. आतील सामान बांधावे लागते. माळ्यावर टाकलेल्या पेटीची आठवण ठेवावी लागते. दूधवाल्याला आणि वर्तमानपत्र टाकणाऱ्याला उद्यापासून येऊ नका, असे सांगावे लागते. विजेच्या बिलावरचे नाव बदलून घ्यावे लागते. शेवटी घराच्या सर्व किल्ल्या मालकाच्या हाती द्याव्या लागतात. यांतले एखादे काम जरी राहिले, तरी जुन्या भाडेकरूचा त्या घराशी असलेला संबंध पुरता तुटत नाही.

लॅपटॉपमधून ब्राउझर पूर्णपणे काढून टाकणे हे काम असेच आहे. पुष्कळ लोक पाटी काढतात आणि घर रिकामे झाले, असे समजतात.

ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पाने शोधून आणणारा व ती वाचता येतील अशा रीतीने पडद्यावर मांडणारा प्रोग्राम. मराठीत त्याला न्याहाळक असेही म्हणतात. १९९० साली टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने सर्न या युरोपातील संशोधनसंस्थेत काम करीत असताना पहिला ब्राउझर तयार केला. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले; आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट कंपनीचा इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर प्रसिद्ध झाला. पुढे २००४ साली फायरफॉक्स, २००८ साली क्रोम आणि २०१५ साली एज हे ब्राउझर आले. आज भद्रावतीतील विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, शेतकरी सातबारा पाहतो, गृहिणी विजेचे बिल भरते, ते सारे ब्राउझरच्याच साहाय्याने.

असा उपयोगी प्रोग्राम काढून टाकण्याची वेळ का यावी? त्याची कारणे अनेक असतात. एकाच लॅपटॉपवर तीन-चार ब्राउझर झाले, तर जागा अडते. एखादा ब्राउझर दुसऱ्याच कोणत्या तरी प्रोग्रामच्या आडून, न विचारता आत शिरलेला असतो. एखाद्याची निगा त्याच्या निर्मात्यांनीच सोडून दिलेली असते. असा ब्राउझर वापरणे म्हणजे कडी मोडलेल्या दाराच्या घरात राहणे होय. कधी सरकारी आज्ञाही कारण होते. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यांत यूसी ब्राउझर हा होता. बंदीनंतर अ‍ॅप्सच्या दुकानांतून तो नाहीसा झाला. परंतु ज्यांनी तो आधीच उतरवून घेतला होता, त्यांच्या यंत्रांतून तो आपण होऊन निघून गेला नाही. तो ज्याचा त्यानेच काढावयाचा होता. आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती जाणार असतो.

समजा, भद्रावतीतील एका कुटुंबाची नागपूरला बदली झाली. घरचा जुना लॅपटॉप शेजारच्या मुलीला अभ्यासासाठी द्यावयाचे ठरले. घरातील मुलाने मोठ्या तत्परतेने डेस्कटॉपवरील ब्राउझरचे चिन्ह कचरापेटीत टाकले आणि ‘ब्राउझर काढला’ असे वडिलांना सांगितले. शेजारच्या मुलीने लॅपटॉप उघडला, प्रोग्रामांच्या यादीत तोच ब्राउझर तिला दिसला आणि तिने तो सुरू केला. पाहते तो काय, वडिलांचे ईमेल समोर उघडे! बँकेच्या पानावर नाव व पासवर्ड आधीच भरून तयार! मुलगी भली म्हणून तिने लॅपटॉप तसाच बंद करून परत नेऊन दिला. परंतु प्रत्येक वेळी लॅपटॉप भल्याच माणसाच्या हाती पडेल, असे कोणी सांगावे?

त्या मुलाची चूक कोठे झाली, हे समजण्यासाठी ब्राउझर लॅपटॉपमध्ये कसा नांदतो, ते पाहिले पाहिजे. त्याचा संसार पाच ठिकाणी पसरलेला असतो.

पहिले ठिकाण म्हणजे डेस्कटॉपवरील चिन्ह. त्याला शॉर्टकट म्हणतात. ही केवळ दारावरची पाटी. खरा प्रोग्राम कोठे आहे, त्याचा पत्ता एवढेच तिच्यात असते. मुलाने काढली ती हीच.

दुसरे ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्राम. विंडोज लॅपटॉपवर तो बहुधा ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये असतो. पाने आणणे, चित्रे दाखविणे, ध्वनी ऐकविणे ही कामे करणाऱ्या फाइली तेथे असतात. हा खरा भाडेकरू.

तिसरे ठिकाण म्हणजे वापरणाऱ्याचा वैयक्तिक साठा. कोणती पाने पाहिली त्यांचा इतिहास, जपून ठेविलेल्या वाचनखुणा, पासवर्ड, आणि संकेतस्थळांनी ओळख पटण्यासाठी ठेविलेल्या कुकी नावाच्या छोट्या नोंदी या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. हा साठा प्रोग्रामच्या जवळ नसतो. तो निराळ्या, सहसा न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये असतो. हीच माळ्यावरची पेटी. एका लॅपटॉपवर आई, वडील आणि मुले यांची वेगवेगळी खाती असतील, तर प्रत्येकाची पेटीही वेगळी असते.

चौथे ठिकाण म्हणजे यंत्राच्या नोंदी आणि नेमून दिलेली कामे. विंडोजमध्ये रजिस्ट्री नावाची एक मोठी नोंदवही असते. कोणता प्रोग्राम कोठे आहे, दुवा दाबला असता कोणता ब्राउझर उघडावयाचा, हे तीत लिहिलेले असते. तसेच ब्राउझरची नवी आवृत्ती आली आहे काय, हे पाहण्यासाठी एक छोटा मदतनीस प्रोग्राम ठराविक वेळी जागा होतो. हा आपला रोजचा दूधवाला.

पाचवे ठिकाण लॅपटॉपच्या बाहेर, फार दूर असते. ब्राउझरमध्ये स्वतःच्या खात्याने प्रवेश करून साठा जुळविण्याची सोय चालू केली असेल, तर वाचनखुणा आणि पासवर्ड यांची प्रत त्या कंपनीच्या संगणकांवरही ठेविलेली असते. नव्या गावच्या घरात सामानाची दुसरी जोडी आधीच पोचलेली असावी, तशातला हा प्रकार.

आता काढण्याचे काम कोणत्या क्रमाने करावे, ते पाहू. काढण्यापूर्वी राखण्याचा विचार करावा. हवी असलेली वाचनखुणांची यादी ब्राउझरमधूनच एका फाइलीत उतरवून घेता येते. पासवर्ड कोणकोणत्या संकेतस्थळांचे जपले आहेत, हे पाहून ते घरातील वडीलधाऱ्यांनी सुरक्षित ठिकाणी नोंदवून ठेवावेत. लॅपटॉप घरातच राहणार असेल, तर दुसरा एखादा ब्राउझर त्यावर आहे ना, याचीही खात्री करावी. नाही तर नवा ब्राउझर आणण्यासाठीदेखील ब्राउझर उरणार नाही!

त्यानंतर ब्राउझरमधील खात्यातून बाहेर पडावे आणि त्याच्या सर्व खिडक्या बंद कराव्यात. चालू असलेला प्रोग्राम नीट काढता येत नाही. घरात माणसे जेवावयास बसलेली असताना कोणी चूल हलवीत नाही.

मग मुख्य काम. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून ‘अ‍ॅप्स’ या विभागात जावे आणि तेथील ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ या यादीत ब्राउझरचे नाव शोधावे. नावापुढील तीन ठिपके दाबले की ‘अनइन्स्टॉल’ हा शब्द दिसतो. तो निवडल्यावर ब्राउझरने स्वतःबरोबर आणलेला, स्वतःलाच काढण्याचा छोटा प्रोग्राम सुरू होतो. आपल्या फाइली कोठे ठेविल्या आणि नोंदवहीत काय लिहिले, हे त्याला ठाऊक असते. म्हणून ‘प्रोग्राम फाइल्स’मधील फोल्डर हाताने पुसून टाकण्यापेक्षा या मार्गाने जाणे केव्हाही श्रेयस्कर. हाताने फोल्डर पुसला तर भाडेकरू जातो, पण नोंदी तशाच राहतात आणि यंत्र नसलेल्या माणसाला हाका मारीत बसते.

या टप्प्यावर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. क्रोम काढताना एक छोटी चौकट दिसते आणि ‘तुमचा ब्राउझिंगचा साठाही पुसावयाचा काय?’ अशा अर्थाचा प्रश्न तिच्यापुढे असतो. घाईत ती चौकट तशीच सोडली, तर प्रोग्राम जातो आणि माळ्यावरची पेटी राहते. पुन्हा कोणी त्याच खात्यात क्रोम बसविला, तर जुना इतिहास आणि जुन्या वाचनखुणा जशाच्या तशा पुढे येतात. फायरफॉक्सही काढल्यानंतर वापरणाऱ्याचा साठा सहसा मागे ठेवतो. यात निर्मात्यांचा दुष्ट हेतू नसतो. पुष्कळ लोक ब्राउझर बिघडला म्हणून काढतात व लगेच पुन्हा बसवितात. त्यांचे सामान हरवू नये, एवढाच उद्देश असतो. परंतु कायमचे जाणाऱ्याने ही सोय ओळखून आपली पेटी आपणच उतरविली पाहिजे.

ती पेटी शोधण्यासाठी फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या वस्तू दाखविण्याचा पर्याय निवडावा लागतो. मग ‘यूजर्स’ या फोल्डरमध्ये आपल्या खात्याच्या नावाखाली ‘अ‍ॅपडेटा’ हा फोल्डर दिसतो. त्यातील ‘लोकल’मध्ये ‘गूगल’ आणि त्याच्या आत ‘क्रोम’ असा साठा असतो. फायरफॉक्सचा साठा ‘रोमिंग’मधील ‘मोझिला’ या फोल्डरमध्ये असतो. ज्या ब्राउझरला निरोप द्यावयाचा तेवढाच फोल्डर पुसावा. शेजारच्या फोल्डरला हात लावू नये, कारण ते दुसऱ्या प्रोग्रामांचे सामान असते. शेवटी कचरापेटी रिकामी करावी आणि लॅपटॉप एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. हे काम मुलांनी वडीलधाऱ्यांच्या देखत करावे. रजिस्ट्रीत उरलेल्या किरकोळ नोंदी बहुधा निरुपद्रवी असतात. त्या खोडण्याच्या नादात एखादी आवश्यक नोंद पुसली गेली, तर सारे यंत्रच अडून बसण्याचा संभव असतो. माळा झाडताना तुळई कापू नये.

‘काढणे’ आणि ‘निःशेष काढणे’ हा भेद सर्वच यंत्रांवर आढळतो. मॅक संगणकावर ब्राउझरचे चिन्ह कचरापेटीत टाकले की प्रोग्राम जातो, पण त्याचा साठा ‘लायब्ररी’ या फोल्डरमध्ये राहतो. लिनक्सच्या डेबियन या प्रकारात तर या दोन क्रियांना दोन स्वतंत्र आज्ञा आहेत. ‘रिमूव्ह’ ही आज्ञा प्रोग्राम काढते, पण त्याच्या मांडणीच्या फाइली ठेवते. ‘पर्ज’ ही आज्ञा त्या फाइलीही काढते. तरीसुद्धा वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमधील साठ्याला ‘पर्ज’ देखील स्पर्श करीत नाही. तो साठा ज्याचा त्याने काढावा, असा तेथील दंडक आहे.

काही ब्राउझर मात्र असे असतात की ते काढावे म्हटले तरी निघत नाहीत. भिंतीतला कोनाडा रिकामा करता येतो, पण उचलून नेता येत नाही, तशी त्यांची रचना असते. याविषयी अमेरिकेत एक मोठा खटला झाला. १९९८ साली अमेरिकेच्या सरकारने मायक्रोसॉफ्ट कंपनीला न्यायालयात खेचले. इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर विंडोजचाच अविभाज्य भाग आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. प्रिन्स्टन विद्यापीठातील प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी विंडोजमधून तो ब्राउझर वेगळा करण्याचा प्रोग्राम तयार करून सरकारच्या बाजूने साक्ष दिली. खटला लांबला आणि २००१ साली सरकार व कंपनी यांच्यात तडजोड झाली. पुढच्या वर्षी विंडोज एक्सपीमध्ये एक नवी सोय आली. तिच्यामुळे इंटरनेट एक्सप्लोररची चिन्हे दृष्टीआड करता येऊ लागली. प्रोग्राम मात्र आत तसाच राहिला. एवढ्या मोठ्या वादानंतरही निघाली ती पाटीच! १५ जून २०२२ रोजी कंपनीने विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवरील इंटरनेट एक्सप्लोररची सेवा थांबविली. त्याच्या जागी आलेला एज हाही विंडोजबरोबरच येतो. युरोपातील नव्या कायद्यामुळे तेथील अनेक देशांतील नागरिकांना २०२४ पासून तो काढण्याची मुभा मिळाली आहे. भारतातील सर्वसाधारण विंडोज लॅपटॉपवर तो नेहमीच्या मार्गाने काढता येत नाही. अशा वेळी त्यातील खात्यातून बाहेर पडावे, साठा पुसावा आणि दुवे उघडण्याचे काम दुसऱ्या ब्राउझरकडे सोपवावे. कोनाडा राहिला तरी त्यात आपली वस्तू राहता कामा नये.

लॅपटॉप दुसऱ्याला द्यावयाचा असेल, तर एवढ्यावरही थांबू नये. त्याचे कारण असे : फाइल पुसली म्हणजे तिच्यातील मजकूर त्याच क्षणी नष्ट होतोच, असे नाही. ग्रंथालयाच्या सूचीतून पुस्तकाचे नाव खोडले, तरी पुस्तक कपाटात राहते, आणि त्या जागी दुसरे पुस्तक येईपर्यंत शोधणाऱ्याला ते सापडू शकते. संगणकही अनेकदा फक्त सूचीतील नाव खोडतो आणि ती जागा मोकळी झाली, असे समजतो. तेवढ्या अवधीत विशेष प्रोग्रामांच्या साहाय्याने जुना मजकूर परत मिळविणे कित्येकदा शक्य होते. म्हणून लॅपटॉप देण्यापूर्वी आपल्या कामाच्या फाइली दुसरीकडे काढून घ्याव्यात आणि विंडोजमधील ‘रीसेट’ या सोयीने सर्व काही पुसावे. तसे करताना साठ्याची जागा स्वच्छ करण्याचा पर्यायही निवडावा. त्याला वेळ अधिक लागतो, पण पुढच्या माणसाच्या हाती खरोखर रिकामे घर जाते.

दूरच्या प्रतीचे काम उरतेच. लॅपटॉप गेला, तरी आपल्या खात्यात त्याचे नाव राहू शकते. दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून खाते उघडले, की कोणकोणत्या यंत्रांवर ते चालू आहे, त्यांची यादी पाहता येते. जुन्या लॅपटॉपच्या नावापुढून बाहेर पडण्याची आज्ञा द्यावी. खातेच नको असेल, तर त्यात साठविलेली माहितीही पुसावी. किल्ल्या मालकाला परत देणे ते हेच. वर सांगितलेल्या कुटुंबाने लॅपटॉप देऊन टाकल्यावर जरी हे केले असते, तरी वडिलांचे ईमेल त्या मुलीपुढे उघडे राहिले नसते. स्वतःच्या माहितीवरील माणसाचा हा अधिकार कायद्यानेही मानला आहे. भारताच्या संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात, आपली माहिती मिटवून मागण्याचा हक्क नागरिकाला सांगितला आहे.

या सर्व व्यवहारात देणाऱ्याप्रमाणे घेणाऱ्याचेही एक कर्तव्य असते. जुना लॅपटॉप हाती आला आणि त्यात आधीच्या माणसाचा मजकूर दिसला, तर तो वाचू नये. चुकून आपल्या घरी पडलेले शेजाऱ्याचे पत्र सुसंस्कृत माणूस फोडत नाही. ते ज्याचे त्याला नेऊन देतो. उदाहरणातील मुलीने तेच केले. यंत्र नवे असले, तरी सभ्यपणाचा नियम जुनाच आहे.

घर सोडताना जुन्या पिढीतील गृहिणी शेवटी एकदा सर्व खोल्यांतून फिरत, माळ्यावर हात फिरवीत, केर काढीत आणि मगच कुलूप लावीत. पुढे येणाऱ्या अनोळखी माणसाला स्वच्छ घर मिळावे आणि आपले काही मागे राहू नये, हा त्यामागचा हेतू असे. लॅपटॉपवरील ब्राउझर काढणाऱ्यानेही तसाच फेरा मारावा. चिन्ह, प्रोग्राम, साठा, नोंदी आणि दूरची प्रत ही पाचही ठिकाणे पाहिली म्हणजे ब्राउझरचे बिऱ्हाड खऱ्या अर्थाने हलले, असे म्हणता येईल.